एका वाटीचे सहा वळसे

मला स्पॅनिश भाषा येत नाही. त्या भाषेतलं एक क्रियापद येतं. पण येतं ते पक्कं येतं, मध्येच कुठूनही विचारलं तरी चुकायची नाही. क्रियापद हा शब्द मला चौथीपासून ठाऊक आहे. चौथीनंतर शाळा सुटली, तेव्हा जे थोडं माझ्याकडे राहिलं त्यात तो शब्दही राहिला. वाक्यातलं काम ज्या शब्दात असतं तो शब्द, असं गुरुजींनी सांगितलं होतं. माझं क्रियापद नारळ खवण्याचं आहे.

आरे-वारे मागे टाकून समुद्राकाठच्या रस्त्याने पुढे आलं की एका वळणावर काकूंचं घर लागतं. काकूंनी चार खोल्या पाहुण्यांसाठी काढल्या आहेत. तिथे मी अकरा वर्षं स्वयंपाक करते. माझी मोठी जाऊही तिथेच आहे, खोल्या झाडायला आणि चादरी धुवायला. आमच्या दोघींचे घरवाले मुंबईला, त्यामुळे सकाळी घरचं आटोपून आम्ही दोघी बरोबरच निघतो. वाटेत बोलायचं काम तिचं आणि ऐकायचं माझं.

मी पहिल्यापासून लाजरी. शाळेत पाढे मला सगळ्यांच्या आधी पाठ व्हायचे, पण उभं राहून म्हणायला सांगितलं की मी मान खाली घालायचे. गुरुजी चांगले होते. ते म्हणायचे, "बसून म्हण. मनात म्हण. ओठ हलले की मला कळतं." ओठ हलवत मी एकोणतीसचा पाढासुद्धा म्हटलेला आहे. माहेर संगमेश्वराकडचं. तिथून लग्न होऊन इथे आले तरी स्वभाव बदलला नाही. काकूंच्या घरी पाहुणे ओटीवर जेवायला बसायचे, वाढायला काकू असायच्या आणि मी आत. "आमटी कोणी केली?" असं कोणी विचारलं की काकू म्हणायच्या, "आमच्याकडे अशीच असते." त्यात खोटं काही नव्हतं. काही पाहुणे चार दिवस राहून जायचे आणि मला बघायचेसुद्धा नाहीत. अभिप्रायाच्या वहीत एकाने लिहिलं होतं, काकूंच्या हातची आमटी विसरणार नाही. ते वाचून मी वही मिटून ठेवली आणि भात लावला.

माझी विळीसुद्धा भिंतीकडे तोंड करून असायची. विळीच्या टोकाला खवणी असते, पाटावर एक मांडी घालून आणि एक गुडघा वर घेऊन बसायचं. मी भिंतीकडे बघत खवायचे. दाराशी कोण आलं, कोण गेलं, मला कळायचं नाही, आणि ते मला बरं वाटायचं.

त्या वर्षी दिवाळीनंतर स्पेनहून एक बाई आली. पन्नाशीची, केस बारीक कापलेले, पायात आमच्या बाजारातल्याच रबरी चपला. ती तिच्या गावात बायकांना स्वयंपाक शिकवते, आणि आमच्याकडचा नारळ, कोकम, तांदूळ बघायला म्हणून दोन महिने राहणार होती. तिला मोडकं हिंदी यायचं आणि फोनवरून शिकलेलं थोडं मराठी. मला टीव्हीमुळे हिंदी कळतं. आमचं सगळं बोलणं या दोहोंच्या मधल्या भाषेत झालं, पण इथे मी ते नीट मराठीत लिहिते.

पहिल्याच दिवशी ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर येऊन बसली. मी पाठमोरी होते, तरी सावली पडली म्हणून वळले आणि तोंडातून निघून गेलं, "उंबऱ्यावर बसू नये." ती लगेच उठली. का, म्हणून विचारलं. मी तिला पाट दिला. अकरा वर्षांत पाहुण्याशी मी आपणहून बोललेलं ते पहिलं वाक्य, आणि तेही रागावल्याचं. तिला त्याचं काही वाटलं नाही. त्यानंतर ती रोज सकाळी येऊन पाटावर बसू लागली.

ती बघायची आणि वहीत लिहायची. एक दिवस मी खवत असताना ती बोटांवर काहीतरी मोजत होती. मग म्हणाली, "दीदी, सहा."

"काय सहा?"

तिने हातांनी वाटी फिरवल्यासारखं केलं. मी नारळाची वाटी खवणीवर धरून कडेने सुरुवात करते, चार बोटं खवून झालं की वाटी थोडी वळवते, परत चार बोटं. असे सहा वळसे झाले की कडेचा एक फेरा पुरा होतो. मग त्याच्या आतला फेरा, मग तळ. हे मी मोजून करत नव्हते. सासूबाईंनी तसं शिकवलं होतं: आधी मधे घुसायचं नाही, कडेने जायचं, आणि काळी पाठ लागायच्या आत थांबायचं. त्यांचा आणखी एक नियम होता. एकीने लावलेली वाटी दुसरीने हातात घ्यायची नाही. हात बदलला की खोबरं जाडबारीक पडतं. लग्नानंतरच्या वीस वर्षांत ह्या वाटीचे वळसे सहा असतात हे मला माहीत नव्हतं. बाईने एका सकाळीत मोजले.

ती हसली आणि म्हणाली, "आमच्याकडे प्रत्येक कामाला सहा असतात." मग माझ्या प्रत्येक वळशाला तिने एकेक म्हटलं. यो रायो. तू रायास. एया राया. नोसोत्रास रायामोस. बोसोत्रास रायाइस. एयास रायान. मी खवते, तू खवतेस, ती खवते, आम्ही खवतो, तुम्ही खवता, त्या खवतात. सहाव्याला वाटी बरोबर जिथून सुरू झाली तिथे आली.

त्या दिवशी मी नुसती खवत राहिले. पण दुसऱ्या दिवशी ती यायच्या आधी मी वाटी लावली आणि ओठ हलवले. शाळेतल्यासारखे. सहाही आले. त्यांचं 'तू' म्हणजे आपलं तूच, हे तर किती सोपं. आणि कामाचं शेपूट बदललं की कोण काम करतंय ते कळतं, तेही आपल्यासारखंच. 'खवते' म्हटलं की मी असेन किंवा ती असेल, 'खवता' म्हटलं की तुम्ही. परकं काय होतं त्यात. मी रोज चार नारळ खवते, म्हणजे आठ वाट्या. दिवसाला कितीदा तरी घोकून व्हायचं. आठवड्याच्या आत ते माझ्या हातात बसलं.

हातात बसलं, जिभेवर नाही. हे बाईनेच दाखवून दिलं. एक दिवस मी चूल पुसत होते आणि तिने मध्येच विचारलं, "दीदी, त्या खवतात?" माझे दोन्ही हात पोटाशी येऊन हवेत फिरायला लागले. यो रायोपासून सुरू करून, वळसा वळसा करत, सहाव्याला पोचले तेव्हा कुठे 'रायान' निघालं. तेवढ्यात चादरी घेऊन जाऊबाई दारात.

"हाताला काय झालं गो? वारं शिरलं काय?"

"काय नाय वैनी. शिकतंय."

"नि हे राया कुणाला म्हणतेस मघापासून? भावजींना फोन लावू?"

बाईला ते कळलं नाही, पण मी लाल झालेली बघून तीही हसली. मग तिने मला एक रिकामी करवंटी दिली. म्हणाली, पहिल्यापासून म्हणायचं नाही. मी सांगेन तिथून वाटी लाव. कधी तिसऱ्या वळशापासून, कधी पाचव्यापासून, कधी उलटी. पाढे पाठ केलेल्याला हे जड जातं. सात साते विचारलं की आम्ही सात एके सातपासून निघणारी माणसं. पण करवंटी गोल असते. तिला सुरुवात अशी नसतेच, आपण जिथे लावू तिथे सुरुवात. ते हाताला पटल्यावर जीभही ऐकायला लागली. पंधरा दिवसांनी बाई मला न्हाणीघराच्या दारातून विचारायची आणि मी करवंटीशिवाय उत्तर द्यायची. हळू आवाजात, पण द्यायची.

मग तिने कापण्याचं क्रियापद सांगितलं, कोर्तार, आणि नुसतं बघत राहिली. मी विळीवर कांदा धरला आणि तीच शेपटं लावली. कोर्तो, कोर्तास, कोर्ता, कोर्तामोस. तिने टाळी वाजवली. मला वाटलं होतं की मला एक शब्द मिळाला. खरं म्हणजे मला साचा मिळाला होता. मोदकाचा असो की करंजीचा, साचा घरात असला की पीठ कोणाचंही चालतं. त्या दिवशी मी घरी जाताना जाऊबाईच्या पुढे चालत होते असं तीच म्हणाली.

डिसेंबरात बाई परत गेली. जायच्या आधी तिने काकूंना सांगितलं की फेब्रुवारीत ती तिच्या गावच्या आठ बायकांना घेऊन येईल, चार दिवस, आपलं जेवण शिकायला. काकूंना आनंद झाला. चारही खोल्या एकदम लागणार होत्या, आणि जमलं तर दर वर्षी. त्यांनी त्याच संध्याकाळी ठाण्याला सूनबाईंना फोन केला. मी तिथेच तांदूळ निवडत होते. फोन ठेवून काकू मला म्हणाल्या, "सूनबाई येईल चार दिवस. तिचं इंग्रजी चांगलं आहे. ती पुढे उभी राहून सांगेल, तू मागे नुसती करत जा. बोलणं तुला कुठे जमतंय चारचौघांत."

काकूंनी हे टोचायला म्हटलं नव्हतं. माझा त्रास वाचवायला म्हटलं होतं. महिन्यापूर्वी असं ऐकून मी 'सुटले' म्हटलं असतं. पण त्या दिवशी तांदळातला खडा बोटाला लागावा तसं ते लागलं. माझं स्वयंपाकघर, माझी खवणी, आणि ज्या आठ बायका येणार त्यांची भाषा ह्या घरात फक्त मला थोडी येत होती. मला तिथे पुढे बसायचं होतं. एवढं साधं होतं ते. आयुष्यात पहिल्यांदा मला पुढे बसायचं होतं, आणि ते काकूंना सांगायला माझं तोंड उघडत नव्हतं.

वाटेत जाऊबाई म्हणाली, "सांग की काकूंना."

"काय सांगू?"

"मी बोलतंय म्हणून. आणि काय."

"नि आयत्या वेळी नाय बोलले तर?"

"तर गप बसशील. अकरा वर्षं बसलीस, अजून एक दिवस. काय फरक पडतो?"

तिने ते थट्टेत म्हटलं, पण हिशेबाने बरोबर होतं. तरी मी सांगितलं नाही. मी फक्त दोन महिने रोज आठ वाट्या खवल्या आणि त्यावर म्हणत राहिले. पुटपुटत नाही, आवाज काढून. पहिले काही दिवस माझाच आवाज भिंतीवरून परत यायचा आणि मी दचकायचे.

सूनबाई आल्या. गोड मुलगी आहे. तिने फोनवर सगळं इंग्रजीत लिहून आणलं होतं आणि मला काकी काकी करत विचारत होती. "काकी, एक नारळ खवायला किती वेळ लागतो?"

"गप्पा मारल्या तर जास्त."

"मला विळीवर बसताच येत नाही. आमच्याकडे खवलेलं पाकिटात मिळतं."

"बसायला काय नाय ताई. उठायला अवघड."

ती हसली, पण तिची बोटं फोनवर सारखी वरखाली होत होती. तेव्हा मला कळलं की तीही घाबरलेली आहे. हे काम तिने मागितलेलं नव्हतं. सासूने सांगितलं म्हणून ती आली होती.

पहिल्या दिवशी सकाळी खळ्यात, म्हणजे घरासमोरच्या सारवलेल्या अंगणात, आठ बायका गोल करून बसल्या. बाई त्यांच्यात बसली. मधे विळी, परात, आणि गुहागरहून आणवलेले मोठे नारळ, फोडून ठेवलेले. मी स्वयंपाकघराच्या दाराआड उभी होते, नेहमीच्या जागी. सूनबाईंनी नारळाची माहिती इंग्रजीत सांगितली, बाईने ती त्यांच्या भाषेत सांगितली. सगळ्या माना हलवत होत्या, जशा आपण बँकेत हलवतो. मग खवून दाखवायची वेळ आली. सूनबाई साडी सावरत पाटावर तिरक्या बसल्या, वाटी घेतली आणि थेट मधोमध लावली. दोनतीनदा जोर केला. पांढऱ्याबरोबर काळी पाठ खाली पडली. वाटी खवणीवर अडकली. ती थांबली आणि तिने दाराकडे बघितलं. माझ्याकडे.

मी बाहेर आले. ती उठली, मी बसले. नवी वाटी घेतली. गप्प राहून खवून दिलं असतं तर काम भागलं असतं. काकूंना तेवढंच हवं होतं. दहा जणींचे डोळे माझ्या हातावर होते आणि माझे कान तापले होते. पहिला वळसा झाला, तोंड उघडलं नाही. दुसरा, तिसरा. सहा झाले, कडेचा फेरा पुरा झाला, आणि मी मुकी. परातीत खोबरं पडत होतं तेवढाच आवाज. मला गुरुजी आठवले, बसून म्हण म्हणणारे. बसलेली तर मी होतेच.

आतल्या फेऱ्याला वाटी लावली आणि म्हटलं, "यो रायो."

आवाज बारीक निघाला. समोरच्या एका बाईने शेजारणीला कोपराने ढोसलं. मी वाटी वळवली, समोरच्या तरुण मुलीकडे बघितलं आणि म्हटलं, "तू रायास." मग शेजारणीकडे मान केली. "एया राया." सूनबाई माझ्यामागेच उभी होती, तिचा हात धरून खाली ओढली. "नोसोत्रास रायामोस." अंगण एकदम गलबललं. त्या सगळ्या एकाच वेळी बोलत होत्या. मला त्यातलं अक्षर कळलं नाही, तरी भीती नव्हती वाटत. माझे अजून दोन वळसे बाकी होते आणि ते मी पुरे केले.

मग मी उठले आणि पाट रिकामा केला. आता एकेकीने बसायचं, हे मी हातानेच सांगितलं. पहिली आली ती त्यांच्यातली सर्वांत म्हातारी. सत्तरीची, चांगली रुंद, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. ती पाटावर बसली आणि माझ्याकडे बघायला लागली. मला म्हणायचं होतं, तू खवतेस. आणि ते निघेना. माझ्या सासूच्या वयाची बाई. तिला तोंडावर तू कसं म्हणणार? पाठ सगळं होतं, पण ह्याचा विचार ना मी केला होता ना बाईने. सगळ्या वाट बघत होत्या. शेवटी आपल्याकडे म्हणतात तेच मी म्हटलं, तुम्ही खवता. "बोसोत्रास रायाइस."

म्हातारीने मागे वळून बघितलं. मागे कोणी नव्हतं. तिने डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, आणि काहीतरी म्हणाली. सगळ्या खो खो हसायला लागल्या. मी बाईकडे बघितलं.

बाई डोळे पुसत म्हणाली, "त्या विचारतात, मी एकटीच आहे, मग ही मला सगळ्याजणी का म्हणते? माझी रुंदी बघून म्हणाली का?"

मी कपाळाला हात लावला. "नाय हो. मोठ्या माणसाला आम्ही एकटं समजत नाय म्हणून सांगा."

बाईने सांगितलं. म्हातारी ऐकत होती. मग तिने माझा हात धरला, खोबरं लागलेला, आणि वाटी घेतली. पुढचे तीन दिवस तिला दुसरीने तू म्हटलं की ती बोट हलवायची आणि माझ्याकडे दाखवायची.

त्या दिवशी सासूबाईंचा नियम मी मोडला. एकच वाटी आठ हातांतून गेली, एकीने एक वळसा, दुसरीने दुसरा, आणि प्रत्येकीने आपापलं म्हणायचं. दुसऱ्या फेऱ्याला मी फक्त बोट दाखवत होते आणि बाकीच्या ओरडून म्हणत होत्या. स्वतःचीच भाषा त्या पहिल्यांदा शिकल्यासारखी. खोबरं मात्र सासूबाई म्हणायच्या तसंच पडलं. कुठे पीठ, कुठे सालपटं. जाऊबाईने परातीत डोकावून बघितलं.

"हे खोबरं की लाकडाचा भुसा?"

"आठ सुतार होते," मी म्हटलं.

सोलकढीसाठी ते मी दोनदा वाटलं आणि दोनदा गाळलं.

दुपारी पाहुण्या समुद्रावर गेल्या. मी भांडी आवरत होते. काकू आत आल्या, त्यांच्या हातात चहाचे दोन कप होते. चहा नेहमी मी करून त्यांना ओटीवर नेऊन देते. काकू बाईच्या नेहमीच्या पाटावर बसल्या.

"हे सगळं कधी शिकलीस गो?"

"इथेच. खवताना."

"मला कधी बोलली नाहीस."

"तुम्ही विचारलं नाहीत, काकू."

बोलून गेल्यावर मला वाटलं, जास्त झालं. काकूंनी चहाचा घोट घेतला. "हे पण खरंच," त्या म्हणाल्या. "उद्या काय करायचंय?"

"मोदक. उकड मळायची."

"त्याचं येतं तुला?"

"मळण्याचंही त्याच साच्यातलं आहे. बाईंनी सांगून ठेवलंय."

"मग तूच बस पुढे."

सूनबाई दाराशी होती. ती म्हणाली, "आई, मी फोटो काढते. मला तेच बरं." आणि खरोखरच पुढचे तीन दिवस तिने फोटो काढले, आणि तिसऱ्या दिवशी खवणीवर एक वाटी स्वतः पुरी केली. पाठ लागू न देता.

मळण्याचं आमासार. कापण्याचं कोर्तार. शिजवण्याचं कोसिनार. सगळी मी चालवली. मी बसायचे, वळसा द्यायचे, आणि त्या म्हणायच्या. एकदाच फसले. कढी तापवायची होती, बाईने शब्द सांगितला कालेन्तार, आणि मी माझ्या साच्यात तो घालून मोकळी झाले. कालेन्तो. आठही जणी एकदम माना हलवायला लागल्या, नाही नाही म्हणून. बाई म्हणाली, हे वाकडं आहे दीदी, हे तुमच्या नियमाने चालत नाही, ह्याचं पोट मधेच बदलतं, कालिएन्तो होतं. मला क्षणभर मेल्याहून मेल्यासारखं व्हायला हवं होतं, पूर्वी झालं असतं. पण माझ्या सरळ चालणाऱ्या क्रियापदावर माझा भरवसा होता, आणि एखादं वाकडं कुठे नसतं. मी म्हटलं, "मग राहू दे. सोलकढी करू, ती गारच पितात." बाईने ते सांगितल्यावर म्हातारी इतकी हसली की गळ्यातला चष्मा कढीत बुडता बुडता राहिला.

जाताना त्यांनी अभिप्रायाच्या वहीत खूप लिहिलं. मला ते वाचता येत नाही, अक्षरं इंग्रजीसारखी आणि भाषा वेगळी. पण एका पानावर कोणीतरी सहा रेघा काढून त्यावर सहा शब्द लिहिले होते, आणि शेजारी नारळाच्या वाटीचं चित्र. ते मी वाचलं. बोटाने एकेक वळसा घेत, पाचव्यापासून सुरू करून.

त्या गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी मी सकाळी नेहमीसारखी विळी काढली. पाट मांडला, परात घेतली, वाटी उचलली आणि भिंतीकडे बघितलं. मग उठले. विळी उचलून फिरवली आणि दाराकडे तोंड करून ठेवली. उजेड उलट्या बाजूने यायला लागला, त्याची दोन दिवसांत सवय झाली. जाऊबाई चादरी घेऊन येताना अडखळली आणि म्हणाली, "मधेच काय मांडलंस गो? जायचं कुठून?"

"बाजूने जा, वैनी."

ती आता बाजूने जाते. पाहुणे येता-जाता दारात थांबतात, कोणी पुण्याचे, कोणी कुठले. विचारतात, काय करताय? पूर्वी मी मान खाली घातली असती. आता सांगते, खवते. आणि त्यातलं कोणी पाटावर बसलं, तर वाटी वळवून पुढचं त्याला म्हणायला लावते.